विली नेल्सनचा 'फेझेस अँड स्टेजेस' : एक घटस्फोट, दोन बाजू

जुनी_तबकडी

कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन बसलेला एक तरी मुलगा जॉन डेन्व्हर वाजवायचाच. माझी कंट्री संगीताची ओळख तिथे झाली आणि पुढची वीसेक वर्षं तिथेच अडकून पडली. टोप्या, घोडे, ट्रक, बायको सोडून गेली, कुत्रा मेला, असलं काहीतरी असतं म्हणे, एवढंच ठाऊक. मग मध्यंतरी एका मित्राने जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा माझ्याकडे ठेवायला दिला, त्यात हा अल्बम निघाला. गेले दोन महिने दुसरं काही फारसं लावलेलं नाही, म्हणून हा धागा.

अल्बम विली नेल्सन या अमेरिकन कंट्री गायकाचा, १९७४ चा, अटलांटिक कंपनीचा. विषय एकच, लग्न मोडणं. तबकडीची पहिली बाजू तिची आणि दुसरी त्याची. दोन्ही बाजू विली नेल्सनच गातो, स्वतःच्याच आवाजात. बाईचा आवाज काढायचा वगैरे प्रकार नाही. मधूनमधून शीर्षकगीताच्या दोनचार ओळी पालुपदासारख्या परत येतात: हे टप्पे, ही चक्रं, हे आपण सगळ्यांनी आधी पाहिलेले प्रसंग. तेवढं म्हणून झालं की पुढचं गाणं.

तिची बाजू सुरू होते मोरीत. म्हणजे सिंकपाशी. ती भांडी घासतेय, फरशी पुसतेय, आणि जे एकेकाळी आवडीने करायची त्याचाच तिला तिटकारा यायला लागलाय. मग ती निघते, माहेरी येते, हळूहळू बाहेर पडायला लागते, आणि बाजू संपते तेव्हा पुन्हा प्रेमात पडतेय की काय या शंकेने धास्तावलेली असते. त्याची बाजू सुरू होते विमानात, सकाळी सकाळी हातात दारूचा ग्लास. मग रिकामं घर, मग 'आय स्टिल कान्ट बिलीव्ह यू आर गॉन'.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसरी बाजू सरस आहे. पुरुषाचं एकटेपण इतकं उघडं फार कमी ठिकाणी ऐकलंय. तुम्हाला काय वाटतं?

खोचक

ऐकला. फोनवर, शफल लावून, ऑफिसला जाताना. सगळी गाणी एकाच सुरातली रडगाणी वाटली. तीन कॉर्ड, एक नाक. पैसे वसूल नाहीत (फुकट ऐकला तरी).

जुनी_तबकडी

खोचकराव, शफलवर? अहो, कादंबरीची पानं पिसून वाचता का तुम्ही? भांडी घासणारी बाई चौथ्या गाण्यात आणि माहेरी आलेली पहिल्या गाण्यात, असं ऐकल्यावर काय हाती लागणार? क्रमाने ऐका. चाळीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आणि तीन कॉर्ड हा दोष नाही हो. हारलन हॉवर्ड नावाचा गीतकार कंट्रीची व्याख्याच 'तीन कॉर्ड आणि खरं बोलणं' अशी करायचा.

चौताल

नाकाबद्दल बोलायचा अधिकार मला नाही, पण लयीबद्दल बोलतो, कारण पंचवीस वर्षं तबला बडवतोय.

हा माणूस शब्द मात्रेवर ठेवतच नाही. एकतर आधी टाकून मोकळा होतो, नाहीतर मागे रेंगाळतो. बँड मात्र ठेका तसूभर सोडत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, चुकतोय. मग बोटांवर मात्रा मोजल्या. ओळ कुठेही भरकटू दे, येतो बरोबर समेवर. आपल्याकडे एखाद्या मुरलेल्या ठुमरी गायकाने बोल खेळवावेत आणि आपण ठेका धरून गुपचूप बसावं, तसं.

साठच्या दशकात कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये आरसीए कंपनीसाठी तो गात होता, तेव्हाच्या रेकॉर्डी मुद्दाम शोधून ऐकल्या. तिथे मागे व्हायोलिनांचा ताफा, कोरसवाल्यांचे 'ऊ ऊ'. त्या गोड पाकात हे लयीचं खेळणं बुडून गेलंय. पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये गायलेलं 'क्रेझी' यानेच लिहिलेलं, म्हणजे गीतकार म्हणून नाव होतंच. गायक म्हणून मात्र त्या शहराला तो काही झेपला नाही.

सांगवी_ते_शोल्स

चौताल, बरोबर पकडलंत. म्हणूनच हा अल्बम नॅशव्हिलमध्ये न होता अलाबामातल्या मसल शोल्सला झाला, याला महत्त्व आहे.

निर्माता होता जेरी वेक्सलर. बिलबोर्ड मासिकात असताना 'रिदम अँड ब्लूज' हा शब्द रूढ करणारा तोच, आणि १९६७ मध्ये सोल गायिका अरीथा फ्रँकलिनला मसल शोल्सला घेऊन जाणाराही तोच. तिथली वादकमंडळी गोरी, खेड्यातली, पण त्यांच्या हाताखालून काळ्या गायकांची सोल गाणी निघत. त्यातल्या चौघांनी १९६९ मध्ये शेजारच्या शेफील्ड गावात ३६१४ जॅक्सन हायवे या पत्त्यावर स्वतःचा स्टुडिओ काढला. बाहेरून बघाल तर गोडाऊन. त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथे येऊन गेले.

आता मजा बघा. बॅरी बेकेट पियानोवर, डेव्हिड हूड बेसवर, रॉजर हॉकिन्स ड्रमवर, म्हणजे सोलवाले. त्यांच्या जोडीला जॉन ह्यूईचं पेडल स्टील आणि जॉनी गिंबलचं फिडल, म्हणजे अस्सल कंट्री आणि टेक्सासचं स्विंग. 'वॉशिंग द डिशेस'मागे ठेका किती कमी आहे ऐका. हे लोक न वाजवण्यात तरबेज होते. तिला बोलायला जागा दिलीय.

हवाईयन

पेडल स्टीलचं नाव निघालंच आहे म्हणून थोडं अवांतर.

ते लांबट रडणारं वाद्य परकं वाटत असेल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो त्याचंच ते पुढचं भावंड. मांडीवर आडवी गिटार, तारेवरून सरकणारी सळई, हे हवाई बेटांवरून अमेरिकेत गेलं आणि आपल्याकडेही आलं. व्हॅन शिप्ले मुंबईत बसून हिंदी गाण्यांच्या धुना त्यावर वाजवत होते, ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर राग वाजवले. अमेरिकेत त्याला पायाचे पेडल आणि गुडघ्याचे दांडे लागले, म्हणजे एक स्वर जागेवर धरून दुसरा त्याच्या शेजारून सरकवता येतो. रडताना आवाज फुटतो ना, एक सूर धरलेला आणि दुसरा सुटलेला, तसं ऐकू येतं ते त्यामुळे.

माझे काका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. हा अल्बम त्यांना ऐकवला. म्हणाले, "हात चांगला आहे, जास्त बोलत नाही."

अनघड

बरेच दिवस या संस्थळावर नुसती वाचते, आज लिहिते. तबकडीदादा, तुमची 'दुसरी बाजू सरस' मला अजिबात मान्य नाही.

पहिल्या बाजूला 'सिस्टर्स कमिंग होम' आहे. ती घरी येते, आई तिला दिवसभर झोपू देते, आणि किती काळ लोटला हे तिला आरसा सांगतो. एवढंच गाणं. तुम्ही ते धाग्यात 'माहेरी येते' या दोन शब्दांत उरकलंत.

मी आले तेव्हा पहाटेची एसटी होती. आईने दार उघडलं, हातातली बॅग घेतली, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन पडले ती दुपारी दोनला उठले. ओट्यावर माझं ताट, वर पालथी ताटली, मांजरासाठी त्यावर पाण्याचा तांब्या. जेवले आणि सवयीने भांडी घासायला उठले, तर आई म्हणाली, "राहू दे." गेल्या सहा वर्षांत ते दोन शब्द मला कुणी म्हटले नव्हते.

आतल्या खोलीतल्या कपाटाच्या आरशावर माझ्या कॉलेजच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, तशाच. एक काढून लावून बघितली. चिकटेना. गोंद वाळला होता.

माहेरपणाची गाणी आपल्याकडे ढिगाने आहेत. सणाला आलेली लेक, भाऊ न्यायला आलाय, आईने पुरणाचं केलंय. पण परत न जाण्यासाठी आलेल्या लेकीचं गाणं मला ऐकायला मिळालं ते टेक्ससच्या एका दाढीवाल्या बाप्याकडून. तेही उड्या मारत म्हटलेलं. ती चाल दुःखी नाहीच मुळी. घरात कुणीतरी आलंय म्हणून आनंदाची आहे. हे त्याला कुठून कळलं, मला खरंच नवल वाटतं.

रानवारा

अनघड, _/\_. लिहीत राहा.

वकीलीणबाई

अनघडची टिकली डोक्यातून जात नाहीये, तरी धंद्याचं बोलते.

या अल्बममध्ये मला काय दिसलं सांगू? दोष कुणाचा, हा प्रश्नच नाही. तिसरी व्यक्ती नाही, मारहाण नाही, पुरावा नाही, साक्षीदार नाही. पहिल्या गाण्यात एवढंच कळतं की ज्याची ती काळजी घेतेय त्याला आता तिची पर्वा राहिलेली नाही.

हे त्या काळाशी जुळतं. कॅलिफोर्नियात कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळण्याचा कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, स्वतः घटस्फोटित. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचं कलम १३ब आलं ते १९७६ च्या दुरुस्तीने. त्याआधी कोर्टात एकाने दुसऱ्याला वाईट ठरवल्याशिवाय सहसा सुटका नव्हती. १३ब मध्येही पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. ते थांबणं माफ करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

सहा महिन्यांच्या त्या मुदतीत पक्षकार काय करतात हे आम्हाला कुणी विचारत नाही. भांडी घासतात, पासबुकं वेगळी करतात, झोपतात. ही पहिली बाजू त्या मुदतीची आहे.

अजून एक. याच्या सहा वर्षं आधी टॅमी वायनेटचं एक गाणं गाजलं होतं, त्यात आई 'डिव्होर्स' हा शब्द एकेक अक्षर सुटं करून म्हणते, लहान मुलाला कळू नये म्हणून. आपल्याकडे आईबाप पोरांसमोर एकदम इंग्रजीत बोलायला लागतात, तसंच. माझ्या केबिनमध्ये आठवड्यातून एकदा तरी होतं.

खोचक

वकीलीणबाई, पोरांना इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं येतं हल्ली.

वकीलीणबाई

तेच तर.

ह्यूस्टनचा_बाळू

अरे इथे माझ्या गावाचा विषय आणि मला कुणी हाक मारेना!

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'ब्लडी मेरी मॉर्निंग', त्यातला माणूस लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेतून ह्यूस्टनला विमानाने निघालाय. (ब्लडी मेरी म्हणजे भूत नव्हे. व्होडका आणि टोमॅटोचा रस. उतारा म्हणून सकाळी घेतात. माझ्या सासऱ्यांनी ते साधं टोमॅटो सूप समजून पुन्हा मागितलं होतं, तो किस्सा वेगळ्या धाग्यात.) हे गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. वेग बघा त्याचा, जवळजवळ पळतंय. बायको गेली आणि हा पळतोय. तिने मात्र 'वॉकिन'मध्ये सगळा विचार करून ठरवलेलं असतं की पळण्यापेक्षा चालत जाणं बरं, आणि रांगणं तर नकोच. ती चालते, तो उडतो. ही जोडी माझ्या खूप उशिरा लक्षात आली.

विलीचं टेनेसीतलं घर १९७० च्या डिसेंबरात जळालं, त्यानंतर तो टेक्ससला परतला. १९७२ मध्ये ऑस्टिनच्या आर्मडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्समध्ये गायला, तर समोर लांब केसवाले हिप्पी आणि शेतावरचे काऊबॉय एकत्र उभे. एरवी हे लोक एकमेकांना बघून रस्ता बदलायचे. १९७३ पासून त्याचा चार जुलैचा जलसा सुरू झाला, तो अजून होतो. मी एकदा गेलोय. रणरणतं ऊन, घडीच्या खुर्च्या, शेजारी एक आजीबाई आणि त्यांचा अंगभर गोंदवलेला नातू, दोघांना सगळी गाणी पाठ. म्हातारा बसूनच गायला. पण ती गिटार! जवळून नाही दिसली, पडद्यावर दिसली. पोटाला अक्षरशः भगदाड.

चौताल

मार्टिन एन-२०, नाव 'ट्रिगर', १९६९ पासून त्याच्याकडे. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे ती. बोटांनी वाजवायची असते म्हणून लाकडावर संरक्षक पट्टी नसते. हा पिकने वाजवतो, त्यामुळे घासून घासून भोक पडलं. आमच्या डग्ग्याची शाई जाते तेव्हा आम्ही पुडी बदलतो. हा भोकासकट वाजवतोय.

जुनी_तबकडी

अनघड, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. 'माहेरी येते' असं दोन शब्दांत उरकलं, हे खरं आहे. पण दुसऱ्या बाजूची वकिली थोडी करू द्या.

'आय स्टिल कान्ट बिलीव्ह यू आर गॉन' हे गाणं घटस्फोटावर लिहिलेलंच नाही. विलीचा ड्रमर आणि जिवाभावाचा मित्र पॉल इंग्लिश, त्याची बायको कार्लीन हिने १९७३ मध्ये आत्महत्या केली. त्या दुःखातून ते आलं. नंतर या कथेत बसवलं. म्हणून त्यात भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं 'का' आहे. माझ्या मते अल्बमचा तळ तिथे आहे.

रानवारा

पण हे पटतं का तुम्हाला? मेलेली बायको आणि सोडून गेलेली बायको यांत काही फरक आहे की नाही? एकीचं गाणं दुसरीला लावलं तर ती लबाडी नाही का?

अनघड

मला नाही वाटत लबाडी. फरक त्या नवऱ्याला कळत नाहीये, तेच तर गाण्यात आहे. ती तिकडे आईकडे झोपून उठलीय, 'कॉर्नर बीअर जॉइंट'मध्ये नाचायला जातेय, जीन्स जरा घट्ट झालीय तरी घालतेय. (मी पंजाबी ड्रेस टेलरकडे उसवायला दिले. प्रत्येकीचा आपापला बीअर जॉइंट.) आणि हा इकडे सुतक पाळतोय. ती जिवंत आहे हो. हाक मारायची नाही, शोक करायचा. सोपं पडतं.

वकीलीणबाई

+१००. छापून केबिनमध्ये लावते.

सांगवी_ते_शोल्स

तरीही तिची बाजू इतकी खरी कशी उतरली, याचं एक कारण मला त्याच्या चरित्रात दिसतं. हा अल्बम आला तोवर त्याचे दोन घटस्फोट झाले होते. दुसऱ्या बायकोला, शर्लीला, सगळं कळलं ते इस्पितळाच्या बिलावरून. बाळंतपणाचं बिल घरी आलं, त्यावर 'मिसेस कॉनी नेल्सन' असं नाव. मिसेस नेल्सन तर घरी बसून पाकीट फोडत होत्या. हे विलीने स्वतःच सांगितलंय. म्हणजे कट्ट्यावर बसून कल्पनेने लिहिलेली बाई नाही ही. जिला दुखावलं तिच्या जागी उभं राहून बघितलंय, उशिरा का होईना.

त्याला यामुळे माफ करा असं माझं म्हणणं नाही. गाणं चांगलं आहे एवढंच.

ह्यूस्टनचा_बाळू

आणि शेवट? 'पिक अप द टेम्पो'. लोक म्हणतात हा फार सुसाट जगतोय, टिकायचा नाही; तर हा बँडला सांगतो, जरा लय वाढवा आणि घरी नेऊन सोडा. पत्नीवियोगाची गाथा आणि शेवट वादकांना सूचना देऊन! तिला पुन्हा प्रेमाची धास्ती तरी मिळाली. याला फक्त पुढचा कार्यक्रम मिळाला.

गंमत म्हणजे याच गाण्यासकट यातली चार गाणी त्याच वर्षी वेलन जेनिंग्जने 'धिस टाइम' अल्बममध्ये गायली. तिथे ती सुटी गाणी आहेत, छानच आहेत. पण मोरी नाही, विमान नाही.

चौताल

शेवटाबद्दल असहमत. मैफल संपवताना द्रुत घेतातच. पळून जाणं नाही ते, रिवाज आहे. वाजवणाऱ्याला दुःख झालं तर तो काय करणार, वाजवणारच की.

रानवारा

हा अल्बम मग मागे का पडला? विलीचं नाव काढलं की लोक 'रेड हेडेड स्ट्रेंजर' म्हणतात.

सांगवी_ते_शोल्स

अटलांटिकने त्याच वर्षी नॅशव्हिलमधला कंट्री विभाग गुंडाळला, हे एक. आणि १९७५ मध्ये कोलंबियासाठी केलेला 'रेड हेडेड स्ट्रेंजर' इतका गाजला, की त्यातल्या गाण्याने त्याला गायक म्हणून पहिला नंबर मिळवून दिला. त्या उजेडात हा झाकोळला. त्यातही बायको सोडून जाते, पण तिथला नवरा घोड्यावर बसून तिच्या मागे जातो आणि तिला गोळी घालतो. दंतकथा म्हणून भारी आहे. भांडी घासणाऱ्या बाईला तिथे जागा नाही.

जुनी_तबकडी

एक कबुली देऊन टाकतो. मित्राकडून गठ्ठा आला तेव्हा ही तबकडी पाकिटात उलटी होती. मी दुसरीच बाजू आधी लावली, आणि पंधरा दिवस तीच ऐकत राहिलो. तबकडी उलटायला उठावं लागतं. उठलो नाही.

रेकॉर्डप्लेअर हॉलमध्ये आहे. स्वयंपाकघरात गेल्या वर्षापासून मी एकटाच असतो. आता पहिली बाजू लावतो आणि आवाज वाढवून ओट्यापाशी जातो. दोन ताटल्या, एक कुकर. बाजू संपायच्या आत होतं सगळं.

अनघड

कुकरची शिट्टी आणि रिंग पण काढून धुवा. पुरुष विसरतात.

खोचक

क्रमाने ऐकला. काल रात्री, जेवणं झाल्यावर, हेडफोन लावून ओट्यापाशी. शब्द मागे घेतो, नाक मागे घेत नाही.

तिसऱ्या गाण्याला बायको मागे येऊन उभी राहिली होती, मला पत्ताच नाही. म्हणाली, "दहा मिनिटं झाली तोच चमचा घासतोयस. काय ऐकतोयस एवढं?" एक हेडफोन तिला दिला. 'सिस्टर्स कमिंग होम'पर्यंत ऐकलं तिने, मग कानातून काढला आणि गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. अजून बोलतायत.